आवाज सातावर ठेवा

इचलकरंजीत शांतता म्हणजे काय, ते लाइट गेल्यावर कळतं. चोवीस तास खडखडणारे माग एकदम थांबतात आणि मग शेजारच्या म्हातारीचा खोकला, दोन गल्ल्या पलीकडच्या कुकरची शिट्टी, कुणाच्या तरी पाळण्याची करकर, सगळं स्वच्छ कानावर यायला लागतं. लाइट आली की हे सगळं पुन्हा बुडतं. मी ह्या गावात वाढलो आणि धंदाही आवाजाचाच धरला. १९८३ पासून माझं रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. आधी व्हॉल्व्हचे रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही; आता गणपती मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर आणि थोडे हौशी लोक, एवढंच उरलंय.

सिनेमाचं वेड दुकानाच्या आधीपासूनचं. पण मी सिनेमा बघतो असं म्हणणं खोटं होईल, मी तो ऐकतो. बायको म्हणते, "डोळे मिटूनच बसायचं असेल तर निम्मे पैसे परत मागा की."

वडिलांचं उलटं होतं. आप्पा तीस वर्षं मागावर होते, चाळिशीतच त्यांचे कान गेले. मागवाले एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात, तसेच ते सिनेमाही ओळखायचे. तंबू टॉकीजमध्ये मी त्यांच्या शेजारी बसायचो. मला कर्ण्यातून येणारे शब्द अर्धे समजायचे, त्यांना ओठांवरून अर्धे. घरी येताना आम्ही दोघं मिळून एक पूर्ण सिनेमा जुळवायचो.

तंबूतला आवाज कसा यायचा ते आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रांच्या कडेला एक बारीक पांढरी-काळी नागमोडी पट्टी असायची, तोच आवाज. प्रोजेक्टरमधला छोटा दिवा त्या पट्टीवर प्रकाश टाकायचा, पलीकडचा फोटोसेल तो प्रकाश कमी-जास्त होताना पकडायचा, तिथून अ‍ॅम्प्लिफायर आणि पुढं कर्णा. चित्राची खिडकी वर आणि आवाजाचा दिवा खाली, म्हणून फिल्मवर आवाज चित्राच्या साधारण वीस फ्रेम पुढं छापलेला असे. ऑपरेटरनं फिल्म ओवताना मधला झोळ चुकवला की नायिकेचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. आप्पांना ते लगेच कळायचं. "थांबतंय, मग बोलतंय," म्हणायचे. आख्ख्या तंबूत ही चूक पहिल्यांदा पकडणारा माणूस बहिरा होता.

तर कोणता सिनेमा चांगला, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच बघतो की तो गप्प कधी बसतो आणि त्या वेळी मला काय ऐकू देतो. हे मोजमाप सगळ्यांना पटणार नाही. माझ्या जावयाला तर मुळीच नाही.

जुन्यापासून सुरुवात करायची तर 'संत तुकाराम', १९३६, प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांनी केलेला. लोक विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्याबद्दल बोलतात आणि ते बरोबरच आहे, पण माझ्यासाठी हा सिनेमा गौरीचा आहे. तिनं केलेली जिजाई ऐकावी. मुळात ती प्रभातमध्ये किरकोळ कामं करणारी बाई. नाटकात बोलायची सवय नव्हती, म्हणून तिचं बोलणं नाटकी झालं नाही. त्या काळच्या नटांचे संवाद ऐकले की शेवटच्या रांगेपर्यंत शब्द फेकायची सवय जाणवते; गौरी मात्र तुकारामाशी भांडते ती चुलीपासून ओसरीपर्यंत पोचेल एवढ्याच आवाजात. पोर आजारी पडल्यावर ती जोडा घेऊन विठोबाच्या देवळात जाते, तिथं तिचा गळा जसा फाटतो तसा मी आमच्या गल्लीत रेशनच्या रांगेत ऐकलाय. मुंबईत हा सिनेमा वर्षाहून जास्त चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही गेला.

त्यातलं 'आधी बीज एकले' तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे, हे मला पन्नाशीत कळलं. त्याआधी एका भजनी मंडळाच्या बुवांशी मी त्यावरून पैज लावून हरलो होतो. म्हणजे बुवाही चुकले आणि मीही. पैज कशावर लागली होती ते आता आठवत नाही, चहाचे पैसे मी दिले एवढं आठवतं. केशवराव भोळ्यांनी त्याला चाल लावली तीही अशी, की ती कुणीतरी नव्यानं बसवलीय असं वाटतच नाही.

ह्या सिनेमाच्या नव्या प्रतींबद्दल माझी एक तक्रार आहे. इंटरनेटवर कुणीतरी आवाज 'साफ' करून ठेवलेली एक प्रत मी ऐकली. खरखर काढता काढता पखवाजाची थापही काढून टाकलीय, आणि वर थोडा घुमारा घातलाय, म्हणजे देहूतले सगळे लोक विहिरीत उभे राहून बोलतायत असं वाटतं. खरखर राहू द्या. नव्वद वर्षांच्या माणसाचा घसा खरखरणारच.

आप्पांचा सगळ्यात आवडता सिनेमा 'सामना'. १९७५ मध्ये तो आला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि समोरासमोर निळू फुले आणि डॉ. लागू. बाकी लोक त्यात सहकार, साखर कारखाना, राजकारण बघतात. आमच्या भागात कारखान्याशिवाय पान हलत नाही, त्यामुळं हिंदुराव धोंडे पाटील कोण ते आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती. मी ऐकला तो दोन गळ्यांचा सामना. निळूभाऊंचा आवाज खाली, घशात, ओढलेला. हा माणूस ओरडत नाही, कारण त्याला कधी ओरडावंच लागलेलं नाही. लागूंचा आवाज दारूनं चिरलेला, पण त्यातला मास्तर मेलेला नाही. तो गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो, पाटील उत्तर टाळत राहतो, आणि दर वेळी प्रश्न आधीपेक्षा हळू येतो. मी आधी समजायचो की पुन्हा विचारलेला प्रश्न मोठ्यानं विचारायचा असतो.

निळू फुल्यांनी तरुणपणी पुण्यात माळीकाम केलं होतं आणि श्रीराम लागू हे शिकलेले कान-नाक-घशाचे डॉक्टर. ही दुसरी गोष्ट मी आप्पांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ हसले. म्हणाले, "मग मला आधी का न्हाई सांगितलंस? त्यांच्याकडंच कान दावलं असतं."

'सामना'चं संगीत भास्कर चंदावरकरांचं. 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' हे आरती प्रभूंचं गाणं रवींद्र साठ्यांच्या आवाजात येतं, आणि मला त्यात सगळ्यात आवडतं ते वाद्यांनी राखलेलं अंतर. गळ्याला पुरेशी जागा दिलीय. आजचा कुणी असता तर तिथं पन्नास व्हायोलिनं भरली असती.

'सिंहासन' मी मागून पाहिला. त्यात निळूभाऊ खलनायक नाहीत, दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत, आणि तोच खालचा आवाज इथं ऐकणाऱ्या माणसाचा झालाय. तो सगळ्यांचं ऐकतो, अख्ख्या मुंबईचं ऐकतो, आणि शेवटी त्याच्या डोक्यात ते मावत नाही. चांगला आहे, पण माझ्या दृष्टीनं त्यात माणसं जास्त झालीत. दुकानात एकाच वेळी सहा रेडिओ चालू असल्यासारखं होतं. अर्थात राजकारण तसंच असतं असं कुणी म्हणालं तर माझं काही म्हणणं नाही.

'अशी ही बनवाबनवी'बद्दल फार लिहीत नाही, कारण तो मी पाहिला किती वेळा हे मला माहीत नाही आणि बसून अखंड पाहिलाय असं तर एकदाही नाही. दुरुस्तीला आलेला टीव्ही चालू केला की बहुतेक वेळा तो लागलेला असायचा. गिऱ्हाईक पडद्याकडं बघायचं नाही, पैसे मोजता मोजता पुढचा संवाद म्हणायचं, आणि टीव्हीनं तोच संवाद म्हटला की म्हणायचं, "झाला बघा नीट." वसंत सबनीसांचे संवाद आहेत. माझ्या कामाचा भाग म्हणजे अशोक सराफ. ते विनोद वाक्यात करत नाहीत, वाक्याच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात करतात. मी एकदा टेपवर उतरवून ऐकलंय, ती अर्ध्या सेकंदाची फट काढली की हसू येत नाही.

आता नवीन. 'सैराट' आम्ही २०१६ च्या मे महिन्यात बघितला, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, मी, बायको, मेव्हणा आणि त्याची दोन पोरं. अजय-अतुलनी ह्याचं संगीत हॉलिवूडच्या स्टुडिओत तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं होतं, ते ऐकायचं म्हणून मी मुद्दाम मधल्या रांगेत मधली खुर्ची धरली होती. झिंगाट लागलं आणि लोक उठून पडद्यापुढं नाचायला गेले. मेव्हण्याची दोन्ही पोरं गेली, आणि खरं सांगायचं तर मेव्हणाही गेला. व्हायोलिन राहिलं बाजूला, शिट्ट्याच ऐकल्या.

पण दिग्दर्शक नागराज मंजुळ्यांची चलाखी मला दुसऱ्या दिवशी दुकानात बसल्यावर कळली. सगळी गाणी पहिल्या अर्ध्यात खर्च केलीत. हैदराबादला गेल्यावर तो मोठा वाद्यवृंद हळूहळू निघून जातो. डोशाची गाडी, झोपडपट्टी, स्वयंपाकघर, भांडण, हेच आवाज उरतात. आणि शेवटी रांगोळी, माहेरून आलेली माणसं, चहा. मग लेकरू शेजारणीबरोबर बाहेरून घरी येतं आणि आवाज बंद. लेकरू रडताना दिसतं, रडणं ऐकू येत नाही.

थिएटरात कुणीतरी मागं वळून प्रोजेक्टरच्या खिडकीकडं बघितलं, आवाज गेला समजून. मीही धंद्यापोटी अर्धं वळलो होतो. मग कळलं. आमच्या गावात लाइट गेल्यावर होतं तेच झालं, फक्त इथं शेजारच्या म्हातारीचा खोकलासुद्धा नव्हता. पाचशे माणसं बाहेर पडली आणि पार्किंगमध्ये गाड्या चालू करायलासुद्धा लोक लाजत होते. मेव्हण्याची धाकटी पोर त्याचा हात धरून विचारत होती की बाळ कुणाकडं राहणार. त्यानं उत्तर दिलं नाही.

तरीही, मंजुळ्यांच्या सिनेमांत निवडायचं तर मी त्यांचा आधीचा 'फँड्री' निवडतो. त्यात कैकाडी घरातली माणसं, जब्या, आई, बाप, बहिणी, शाळेशेजारी डुक्कर पकडायला धावतायत. अगदी हाताशी आलेलं असतं, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर निघून जातं. तिथं एकही वाद्य वाजवलेलं नाही, कुणी भाषण केलेलं नाही, शाळेतल्या राष्ट्रगीताचा आवाज तेवढा येतो, आणि प्रेक्षक आधी हसतो. माझ्या पुढचे लोक खदाखदा हसले. मग हसता हसता एकेक जण थांबला. मी त्या हसण्याचं थांबणं ऐकायला तो सिनेमा दुसऱ्यांदा बघितला. दुसऱ्या वेळचे लोक उशिरा थांबले. शेवटी जब्या दगड मारतो तो सरळ आपल्या तोंडावर. त्यानंतर मेव्हण्याशी माझं तीन दिवस भांडण झालं, विषय लिहीत नाही.

'कोर्ट' बघायला मी एकटाच गेलो होतो, २०१५ मध्ये, दुपारच्या खेळाला आम्ही नऊ जण. चैतन्य ताम्हाणे हा दिग्दर्शक तेव्हा अठ्ठावीसच्या आसपासचा पोरगा. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला. कांबळेचं काम वीरा साथीदारांनी केलंय. ते नट नव्हते, नागपूरचे कार्यकर्ते होते, २०२१ मध्ये कोरोनानं गेले. गाणी संभाजी भगतांची. ती गाणी सोडली तर सिनेमा तुम्हाला काय वाटून घ्यायचं ते संगीतानं सांगत नाही. पंखा, कागद, टायपिंग, पुढची तारीख. मी एकदा दुकानाच्या भाडेपट्ट्यावरून कोर्टात चकरा मारल्या आहेत, आवाज तंतोतंत तोच आहे. कामाच्या मधेच एका बाईची केस न्यायाधीश ऐकत नाहीत, कारण तिचे कपडे बिनबाह्यांचे आहेत. हेही त्याच सुरात, पुढची तारीख दिल्यासारखं.

त्यात मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष आहे. ती सांगते, गॅस आहे की नाही ते कळायला तो गटारातून झुरळं बाहेर येतात का ते बघायचा. हे ती सांगते तो आवाज पूर्ण सपाट आहे, चढ नाही, उतार नाही, ग्राहक दुकानात प्लगचा भाव विचारतो तसा. माझ्या मीटरवर लावला असता तर काटा हलला नसता. तिथं मी डोळे उघडले.

सरकारी वकील झालेली गीतांजली कुलकर्णीही तशीच. ती वाईट बाई नाही. लोकलमधून घरी जाते, स्वयंपाक करते, आणि सकाळी कोर्टात त्याच आवाजात एका माणसाला शिक्षा मागते. ह्या सिनेमात कंटाळा येतो असं जावई म्हणतो. येतो. मीही एकदा पेंगलो. पण कंटाळा आणणं हाच त्या कोर्टाचा धंदा आहे, ते लपवून कसं चालेल?

त्याच दिग्दर्शकाचा 'द डिसायपल' मात्र थिएटरात ऐकायला मिळाला नाही, एप्रिल २०२१ च्या शेवटी थेट नेटफ्लिक्सवर आला. दुकान लॉकडाऊनमुळं बंद. मी दुरुस्तीला आलेला एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी आणला, लेकीच्या लॅपटॉपला जोडला आणि तीन रात्री तो सिनेमा ऐकला. गिऱ्हाइकाची वस्तू वापरली हे चूक, पण चालवून बघितली असं म्हणता येतं.

शरद नेरुळकर नावाचा एक मुलगा ख्याल शिकतो, आणि त्याला ते येत नाही. म्हणजे येतं, पण तेवढं येत नाही. आदित्य मोदकनं हे काम केलंय, तो स्वतः गाणारा. गुरुजी झालेले अरुण द्रविडही गाणारेच. खरा गवय्या मुद्दाम किंचित कमी गातो, म्हणजे सूर लागतो पण बसत नाही. असं वाजवणं मी एकदा करून बघितलंय. चांगला रेडिओ मुद्दाम थोडा बिघडवणं हे बिघडलेला सुधारण्यापेक्षा कठीण काम आहे.

आणि माईंचा आवाज. शरद रात्री मोकळ्या रस्त्यावरून मोटारसायकल चालवतो आणि कानात कुण्या एके काळच्या गायिकेची, गुरुजींच्या गुरूची, टेपवरची व्याख्यानं ऐकतो. खाली तानपुरा चालूच. माई पडद्यावर कधी येत नाहीत. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे, आणि सिनेमा लोकांपर्यंत यायच्या अकरा दिवस आधी, १९ एप्रिलला त्या गेल्या. मी पहिल्या रात्री ऐकलं तेव्हा हे मला माहीत नव्हतं, दुसऱ्या रात्री माहीत होतं. आवाज तोच होता, पण मला तो तसा लागला नाही. माझ्याकडं लोक अजून कॅसेट घेऊन येतात, आईचं ओव्या म्हणणं, वडिलांचं भजन, चिकटलेली टेप, गंज धरलेला पट्टा, "तेवढं एकदा वाजवून द्या" म्हणून. मी वाजवून देतो आणि दुकानाच्या बाहेर जाऊन उभा राहतो.

शेवटाकडं एक संग्राहक शरदला माईंबद्दल आणि गुरुजींबद्दल वाटेल ते सांगतो आणि शरद त्याच्या तोंडावर पेला रिकामा करतो. माणूस देव मोडल्यावर असंच करतो. तो प्रसंग मला सिनेमातला सगळ्यात कच्चा वाटला, फार नीट बसवलेला. पण असे दोषसुद्धा माझ्या दुकानात रोज येवोत.

'बाईपण भारी देवा'ला बायको तिच्या भिशीच्या बायकांबरोबर गेली, नऊवारी, गॉगल, टेम्पो ट्रॅव्हलर. मी ड्रायव्हरबरोबर पुढं बसून गेलो आणि मागच्या रांगेत तिकीट काढलं. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, गोष्ट तुम्हाला पहिल्या वीस मिनिटांत कळते. सिनेमा म्हणून मी त्याला फार मार्क देणार नाही. भांडण आलं की संगीत, रडू आलं की संगीत. पण पडद्याच्या अलीकडचा आवाज! तीनशे बायका एकदम हसतात तो आवाज मी आयुष्यात फक्त लग्नाच्या आदल्या रात्री, तोही बंद दारापलीकडून ऐकला होता. इथं दार उघडं होतं. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते एकमेकींशी बोलत नाहीत तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या दोन बायकासुद्धा बोलायच्या थांबल्या, सख्ख्या जावा असाव्यात.

'स्थळ' गेल्या वर्षी मार्चमध्ये आला आणि आमच्याकडं एक आठवडा टिकला नाही. जयंत सोमलकरनी चंद्रपूरकडच्या गावात तिथल्याच लोकांना घेऊन केलाय, सविता झालेली नंदिनी चिकटेसुद्धा पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढं. पाहुणे येतात, पोरगी समोर बसवतात, नाव, उंची, शिक्षण, छंद, शेतातलं काम येतं का. पाहुणे जातात. दुसरे येतात. तेच प्रश्न, त्याच क्रमानं, जणू एकच कॅसेट उलटी करून पुन्हा लावलीय. तिसऱ्या वेळेपासून मी उत्तरं आधीच म्हणायला लागलो. मला दोन लेकी आहेत. थोरलीच्या वेळी असे पाहुणे आमच्याकडं अकरा वेळा आले, आणि प्रत्येक वेळी मी टेपरेकॉर्डर बंद करायला आत जायचो, कारण पाहुण्यांपुढं गाणं बरं दिसत नाही.

'दशावतार'मध्ये दिलीप प्रभावळकर एक्याऐंशीव्या वर्षी बाबुली मेस्त्री झालेत, कोकणातले दशावतारी नट, नजर अधू होत चाललेले. त्यांच्यासाठी जा. रात्रीच्या खेळाआधी तोंडाला रंग लावताना ते बोलतात तो आवाज आणि रंगमंचावर गेल्यावरचा आवाज हे दोन वेगळे गळे वाटतात, आणि ह्या वयात. पण उत्तरार्धात सिनेमा माझ्या छातीवर बसला. जिथं पखवाज, झांज आणि हार्मोनियम पुरली असती तिथं एवढा ढोल कशाला? बायको म्हणाली, तुम्ही म्हातारे झालात. असेल.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगतो. थिएटरच्या प्रोजेक्शन खोलीत आवाजाचं जे यंत्र असतं त्यावर शून्य ते दहा आकडे असतात. स्टुडिओत सिनेमाचं मिक्सिंग करताना सात हा आकडा धरलेला असतो. थिएटरनं सातावर लावलं तर दिग्दर्शकानं जे ऐकलं तेच तुम्ही ऐकता. पण मोठ्या आवाजाचे सिनेमे यायला लागले, लोक कानावर हात ठेवून तक्रार करायला लागले, मग ऑपरेटर आकडा साडेचारवर आणतो. आणि तो तिथंच राहतो. पुढच्या शुक्रवारी एखादा हळू बोलणारा सिनेमा येतो, त्याचं बोलणं साडेचारवर कुणाला ऐकू येत नाही, आणि लोक म्हणतात, साऊंड वाईट आहे.

'सबर बोंडं' असाच साडेचारवर मेला असता. रोहन कानवडेचा सिनेमा, २०२५ च्या जानेवारीत सनडान्सला परदेशी कथाचित्रांतलं पहिलं बक्षीस घेतलं, सप्टेंबरमध्ये आपल्याकडं लागला. मी धाकट्या लेकीकडं पुण्याला होतो, तिनं तिकिटं काढली. आनंद मुंबईला कॉल सेंटरमध्ये कामाला. वडील वारतात, दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, नातेवाईक लग्नाचं विचारून हैराण करतात, आणि तिथं लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो, शेळ्या राखणारा. पुढचं तुम्हाला कळलं असेल. आईला सगळं माहीत आहे, आणि ती ते ज्या साधेपणानं धरते त्यासाठी जयश्री जगतापना नमस्कार. पार्श्वसंगीत नाही. अजिबात नाही.

खेळ सुरू व्हायच्या आधी जाहिराती चालू होत्या, त्याच मला बारीक वाटल्या. मी बाहेर जाऊन दारावरच्या पोराला विचारलं, "आवाज कितीवर आहे रे?"

"काका, बघावं लागेल." वॉकीटॉकीवर विचारलं. "चारवर आहे."

"सातावर ठेवायला सांग बाळा."

"काका," पोरगा म्हणाला, "सकाळचा शो मी बघितलाय. ह्यात आवाजच नाहीये."

"म्हणूनच."

त्यानं ठेवला. शेवटची जाहिरात कुठल्याशा बनियनची होती, ती सातावर अशी काही दणाणली की पुढच्या म्हाताऱ्याच्या हातातलं पॉपकॉर्न सांडलं. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी पडद्याकडं. मग सिनेमा सुरू झाला आणि आम्ही अकरा जण शेळ्यांची बेंबें, झाडातला वारा, दोन माणसांचं काही न बोलता बसणं ऐकायला लागलो. अर्ध्या तासानं मागच्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजला आणि त्यानं तो उचललासुद्धा.

"पिक्चरला आलोय रे," तो कुजबुजला, आणि थोडं थांबून, "न्हाई, बोल की तू. अजून कोण काय बोललं न्हाई."